उजव्या खांद्यावरचा वळ

हेमलता टिपणीस आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. रियाधला येऊन तिला नऊ वर्षं झाली. त्याआधी ती सांगलीला वीज कंपनीच्या भरारी पथकात होती. कुणी तारेवर आकडा टाकलाय, कुणी मीटरचं सील तोडून पुन्हा चिकटवलंय, हे शोधत फिरायचं काम. बारा वर्षं ते केल्यावर माणसाच्या नजरेचं जे व्हायचं ते तिच्या नजरेचं झालं. भाजीवाल्याच्या काट्यापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत तिला सगळीकडे काहीतरी गडबड दिसायची. नवऱ्याला, गिरीशला, इथल्या एका बँकेत नोकरी लागली म्हणून तिनं ती नोकरी सोडली. सवय मात्र सुटली नाही. आम्ही बिल्डिंगमधल्या बायका तिच्या पाठीमागे तिला ‘इन्स्पेक्टरीण’ म्हणायचो. तिला ते माहीत होतं, अर्थात.

बायकांना इथं गाडी चालवायची मुभा मिळाली, त्यानंतर दोन वर्षांनी तिनं लायसन्स काढलं. सेहेचाळिसाव्या वर्षी. रस्त्यावरही तिचा कुणावर विश्वास नव्हता, आणि रियाधच्या रस्त्यांवर तो नसलेलाच बरा. पाच वर्षांत तिच्या छोट्या निळ्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता.

गेल्या नोव्हेंबरातला शुक्रवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. जुम्म्याची नमाज आटोपून लोक घरी जेवून झोपलेले, रस्ते मोकळे. तिची मुलगी शिवांगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, तिला आणायला हेमलता निघाली होती. सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागून ती दोनेकशे मीटर गेली असेल, तेवढ्यात मागून एक भली मोठी पांढरी गाडी आली आणि निळ्या गाडीच्या मागच्या दारावर आदळली. निळी गाडी गरकन फिरली आणि दुभाजकावर जाऊन थांबली. एअरबॅग फुटली. गाडीभर पांढरी भुकटी उडाली.

त्या भुकटीतून, फुटलेल्या काचेतून तिनं जे पाहिलं त्यावरून पुढचं सगळं झालं. पांढऱ्या गाडीचं डावीकडचं पुढचं दार उघडलं. इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणजे ते ड्रायव्हरचं दार. त्यातून एक तरुण उतरला. अंगात पांढरा पायघोळ थोब, डोकं उघडं. तो दोन पावलं चालला, बॉनेटला धरून उभा राहिला आणि हसायला लागला. हसता हसता वाकून ओकला. मग उजवीकडच्या दारातून तपकिरी शर्टातला एक माणूस हात पोटाशी धरून उतरला. त्यानं त्या पोराला रस्त्याच्या कडेला बसवलं. पुढे हेमलताला अंधारी आली. डोळे उघडले तेव्हा एक काळी गाडी निघून जात होती, थोबवाला पोरगा कुठं दिसत नव्हता, आणि तपकिरी शर्टवाला पोलिसांना सांगत होता, “गाडी मी चालवत होतो.”

इस्पितळात तिच्या डाव्या खांद्याजवळचं हाड मोडल्याचं निघालं. जबाब घ्यायला वाहतूक पोलीस आला, सोबत हिंदी बोलणारा दुभाषी होता. हेमलतानं पाहिलेलं सगळं सांगितलं. पोलिसानं ऐकलं, दुभाष्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं.

“बाईंच्या डोक्याला मार लागला होता का, असं विचारतायत,” दुभाषी म्हणाला.

“खांद्याला लागलाय. डोकं जाग्यावर आहे.”

“पण मध्ये शुद्ध गेली होती ना?”

“नंतर गेली. आधी नाही.”

दुभाष्यानं हे अरबीत सांगितलं की दुसरंच काही, हे तिला कळेना. तिला तर वाटलं, तिची चार वाक्यं त्यानं एकातच उरकली.

चार दिवसांनी प्राथमिक अहवाल आला. पांढऱ्या गाडीचा चालक कादिर, घरगुती ड्रायव्हर, भारतीय. त्याचं म्हणणं, बाईंनी इशारा न देता लेन बदलली. दोष दोघांचा, निम्मा निम्मा. त्याचा अर्थ गिरीशनं तिला समजावून सांगितला. समोरच्या गाडीचा विमा तिच्या उपचाराचा आणि गाडीचा निम्माच भार उचलणार. उरलेला निम्मा यांच्या खिशातून, शिवाय समोरच्याच्या निम्म्या नुकसानाला यांचा विमा.

“आणि ते पोरगं?” ती म्हणाली.

“कुठलं पोरगं हेमा? अहवालात पोरगं नाहीये.”

“नशेत होतं ते. मला काय दारुडा ओळखू येत नाही? ही दारू नव्हती, गोळ्या असणार. हसत होतं रे, माझी गाडी दुभाजकावर चढलेली बघून.”

“मम्मी, जस्ट लेट इट गो ना,” शिवांगी खोलीतून म्हणाली.

हेमलतानं सोडलं नाही. हात गळ्यात बांधलेला, झोपताना कूस बदलता येत नव्हती, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ होता. आणि विचार करता करता तिला एक्स-रे खोलीबाहेरची बाकं आठवली. तपकिरी शर्टवाला तिच्या समोरच्याच बाकावर होता. नर्सनं त्याच्या शर्टाची बटणं काढून बर्फाची पिशवी ठेवली होती. ती उचलली तेव्हा त्याच्या छातीवर पट्ट्याचा लालनिळा वळ दिसला होता. तसाच वळ तिच्याही अंगावर होता. पण तिचा डाव्या खांद्यावरून खाली उजवीकडे उतरत होता.

त्याचा कुठून कुठं जात होता?

तिनं गिरीशला समोर खुर्चीत बसवलं, त्याच्या शर्टावरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. मग म्हणाली, “खाली चल, गाडीत.” गिरीशच्या गाडीत तिनं त्याला ड्रायव्हरच्या जागी बसून पट्टा लावायला सांगितलं. पट्टा डाव्या खांद्यावरून आला. मग शेजारच्या सीटवर. पट्टा उजव्या खांद्यावरून आला.

“त्याचा वळ उजव्या खांद्यावर होता,” ती म्हणाली. “बर्फाची पिशवी त्याच्या उजव्या खांद्यावर होती, गिरीश. आणि मी त्याच्या समोर बसले होते, आरशात बघत नव्हते.”

गिरीशनं पट्टा काढला. “वर चल,” एवढंच म्हणाला.

हे झाल्यावर तो आपल्या बाजूनं उभा राहील असं तिला वाटलं होतं. उलट तो गप्प गप्प राहायला लागला. फोन आला की बाल्कनीत जाऊन बोलायचा. आणि एका बुधवारी संध्याकाळी हेमलतानं बाल्कनीतूनच पाहिलं, खाली पार्किंगमध्ये डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल बांधलेला एक वयस्क माणूस गिरीशशी बोलत उभा होता. बोलणं संपल्यावर त्यानं गिरीशच्या हातात लिफाफा दिला. गिरीशनं तो घेतला, घडी घालून खिशात ठेवला. वर आल्यावर चहा मागितला. लिफाफ्याचं नाव नाही.

ती रात्रभर जागी होती. चोवीस वर्षं संसार केलेल्या माणसाचा कोट चाचपावा का, हा प्रश्न तिला पडला, यावरूनच तिची अवस्था कळावी. सकाळी तिनं कोट न चाचपता सरळ विचारलं.

“किती घेतलेस?”

“काय?”

“लिफाफा. त्या पोराच्या बापाकडून. माझ्या हाडाचं काय ठरलं?”

गिरीशचा चेहरा उतरला. त्यानं लिफाफा आणून टेबलावर ठेवला. आत एकच कागद होता, अरबी. माघारीचा. आमची काही तक्रार नाही, हक्क सोडला, असं लिहून खाली सहीची जागा. ती जागा कोरी होती.

“तो पोराचा मामा. तीनदा फोन केला त्यानं. मी सही करणार नाही म्हटलं, तर म्हणाला, कागद ठेवा, विचार करा. मी ठेवला, कारण कुणाला तरी दाखवता येईल. निर्दोष माणूस माघारीचा कागद घेऊन घरी येत नाही. तुला नाही सांगितलं, कारण तू गळ्यात हात घेऊन खाली भांडायला गेली असतीस.”

हेमलतानं कागद उचलला. मला हे सांगताना मात्र म्हणाली, “त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पण खरं सांगू? लाज वाटत होती तेव्हासुद्धा मी कागद उजेडात धरून बघत होते, सही करून खोडली तर नाही ना.”

आता तिला कादिरला गाठायचं होतं. इस्पितळात तो फोनवर कुणाशी तरी बोलताना “नाय गो, तितका काय झालेला नाय” असं म्हणाला होता, आणि ती बोली तिनं लगेच ओळखली होती. रत्नागिरीकडची, किनाऱ्यावरची. आमच्या इमारतीत तळमजल्यावर सफूरा राहते, मूळची हर्णैची. घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सांदणं करून विकते. रियाधमधला बहुतेक कोकणी माणूस तिच्या ओळखीचा. हेमलतानं तिला विचारलं.

सफूरानं भाकरी थापायची थांबवली. “कादिर? आंजर्ल्याचा? तुमी त्याच्यावर केस करणार हाय काय?”

“केस दुसऱ्यावर करायचीय. त्याच्याशी फक्त बोलायचंय.”

“ताई, बोलायचंय म्हणून सगळेच येतात,” सफूरा म्हणाली. ती लगेच तयार झाली नाही. दोन दिवस घेतले. मग निरोप पाठवला, शनिवारी दुपारी या, एकट्या या, माझा नवरा घरात असेल.

कादिर भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीचा, बारीक, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. हेमलता आली तसा तो उठला, बसला, आणि पहिलं वाक्य म्हणाला ते असं:

“फोन आतमध्ये ठेवा.”

तिनं फोन सफूराकडे दिला. “पर्स पण,” तो म्हणाला. तिनं पर्सही दिली. तिला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी तिनंही हेच केलं असतं.

“तुमी विमा कंपनीच्या का पोलिसांच्या?”

“मी माझी आहे, कादिरभाई. तुमच्या गाडीनं माझं हाड मोडलंय.”

“मी जबाब दिला हाय. गाडी माझ्या हातात होती.”

“मनगटाला काय झालंय?”

तो जरा गोंधळला. “डॉक्टर म्हणतो, हाड जुळेल, पण दोन बोटांत जीव नाय. परत ऑपरेशन लागंल.”

“त्याचा खर्च कोण करणार?”

“कफील करील, माझा मालक. त्यानं जुबान दिली हाय.”

मग हेमलतानं त्याला सांगितलं, जे गिरीशनं विमा कंपनीतल्या एका ओळखीच्या माणसाला विचारून आणलं होतं. या साध्या विम्यात गाडीत बसलेल्या माणसाला इजा झाली तर त्याच्या उपचाराचं विम्यातून मिळतं. जो गाडी चालवत होता त्याला त्यातून काही मिळत नाही. कागदावर तुम्ही चालक आहात. म्हणजे तुमच्या दोन बोटांचं जे काही व्हायचं ते कफीलच्या मर्जीवर. आणि बाईला जखमी केल्याची नोंद तुमच्या लायसन्सवर राहणार. ज्या लायसन्सवर तुम्ही पोट भरता, त्याच्यावर.

“हे तुमाला माझ्यासाठी सांगायचंय, का तुमच्या निम्म्यासाठी?” कादिर म्हणाला.

सफूराचा नवरा खाकरला.

“दोन्हीसाठी,” ती म्हणाली. “माझ्या निम्म्यासाठी आधी.”

का कोण जाणे, हे उत्तर त्याला पटलं असावं. तो मान खाली घालून बोलू लागला. कफीलच्या पोराचं नाव नबील. एकोणीस वर्षांचा. सहा वर्षं कादिरनंच त्याला शाळेत नेलं, आणलं. वर्षभरापासून तो कसल्यातरी गोळ्या खातो, दोन दोन रात्री झोपत नाही. त्या दिवशी त्यानं किल्ली हिसकावली. कादिर शेजारी बसला तो एवढ्याचसाठी, की वेळ पडली तर स्टिअरिंग धरता येईल. धरलंही. मनगट त्यातच मोडलं. मग पोराचा मामा आला आणि म्हणाला, तुझं रक्त तपासलं तर साफ निघेल, याचं निघणार नाही. तू दोन दिवसांत सुटशील, हा आयुष्यातून उठेल.

“मना तो पोटच्या पोरासारखा हाय, ताई. तो वाईट नाय. त्या गोळ्या वाईट.”

“उद्या तो परत किल्ली हिसकावेल. तेव्हा पुढच्या गाडीत कोण असेल?”

कादिर उठला. “मी काय बोललो ते मी बोललोच नाय,” म्हणाला आणि चपला घालून गेला.

त्यानंतरचे नऊ दिवस फार वाईट गेले. हेमलताची खात्री झाली की कादिरनं सगळं कफीलला सांगितलंय. समोरच्या गल्लीत एक राखाडी गाडी रोज संध्याकाळी येऊन उभी राहायची, आत एक माणूस मोबाइल बघत बसायचा. तिनं नंबर लिहून ठेवला. शिवांगीला एकटीनं खाली जाऊ देईना. मलाही तिनं विचारलं, “तुझ्याकडे कुणी माझी चौकशी केली का गं?” आणि मी नाही म्हटलं तरी माझ्याकडे दोन क्षण बघत राहिली. राखाडी गाडीतला माणूस पहिल्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूचा भाऊ निघाला. घरात वायफाय नव्हतं, म्हणून आणि बायकोशी बोलायला निवांतपणा हवा म्हणून तो गाडीत बसायचा.

प्राथमिक अहवालावर तिनं हरकत नोंदवली होती; त्या चौकशीच्या तारखेला तिनं भांडण नेलं नाही, अर्ज नेला. एक पानाचा, गिरीशनं चांगल्या माणसाकडून अरबीत करून घेतलेला. त्यात कुणावरही आरोप नव्हता. फक्त तीन गोष्टी तपासा अशी विनंती होती. इस्पितळाच्या नोंदीत कादिरच्या अंगावरचा वळ कुठल्या खांद्यावर लिहिलाय. पांढऱ्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या सीटचं अंतर कादिरच्या उंचीला जुळतं का. आणि डावीकडच्या एअरबॅगवरचे डाग कुणाचे. भरारी पथकात ती असेच अहवाल लिहायची, कोरडे, विशेषणं नसलेले.

तपासणी अधिकारी वयानं मोठा, चष्मा नाकावर उतरलेला. त्यानं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग आपल्या स्वतःच्या छातीवरून आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं हात फिरवला. हेमलताच्या मते, त्या घटकेला केसचा निकाल लागला. पोलिसांच्या ताब्यातली पांढरी गाडी तपासली, तर ड्रायव्हरची सीट इतकी मागे सरकवलेली होती की कादिरचा पाय ब्रेकला पोचलाच नसता. इस्पितळाच्या कागदावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं: उजवा खांदा. एअरबॅगच्या डागांपर्यंत जायची गरजच पडली नाही.

कादिरला बोलावलं. अधिकाऱ्यानं त्याच्यासमोर तो कागद ठेवला आणि विचारलं, तू कुठं बसला होतास? कादिरनं हेमलताकडे पाहिलंही नाही. “शेजारी,” तो म्हणाला.

पुढे जे झालं त्यात सगळंच काही तिच्या मनासारखं नव्हतं. अपघाताला पाच आठवडे होऊन गेले होते, तेव्हा नबीलच्या रक्तात काय होतं हे आता सिद्ध होण्यासारखं नव्हतं. बेदरकारपणे गाडी चालवून पळून गेल्याचा ठपका त्याच्यावर आला, नशेचा आला नाही. दोष मात्र पूर्ण पांढऱ्या गाडीवर गेला. विमा कंपनीनं हेमलताचे उपचार आणि गाडी या दोन्हींचा पूर्ण खर्च मान्य केला, आणि कादिरची इजा प्रवाशाची म्हणून नोंदली गेली. खोटा जबाब दिल्याबद्दल त्याला तीन दिवस कोठडीत काढावे लागले. चौथ्या दिवशी कफीलनं त्याचं सामान दोन गोणींत भरून सफूराच्या दाराशी आणून टाकलं.

त्याचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, दुसऱ्या मालकाकडे फिरवायला सफूराच्या नवऱ्यानं आणि गिरीशनं मिळून महिनाभर खेपा घातल्या. शेवटी बुरैदा शहरातल्या एका खजूर व्यापाऱ्यानं त्याला ठेवून घेतलं. ऑपरेशन झालं. एक बोट हलायला लागलं, एक नाही. गाडी चालवणं संपलं. आता तो तिथं बाजारात खजुराच्या पेट्या निवडून लावतो.

मार्चमध्ये त्यानं हेमलताला फोन केला. सफूराकडून नंबर घेतला होता.

“नबीलच्या आईचा फोन आला होता,” कादिर म्हणाला. “त्याला इलाजाला ठेवलाय. झोपतो आता, म्हणाली. मना वाटलं, तुमाला सांगावं.”

“बरं झालं सांगितलंत.”

“मना तुमचा अजून राग येतो, ताई. माझी नोकरी चांगली होती.”

“यायलाच पाहिजे,” हेमलता म्हणाली. “तुमच्या नोकरीचं मला वाईट वाटतं. पण मी परत तेच करीन.”

तो हसला असावा, तिला नक्की कळलं नाही. मग त्यानं विचारलं, थंडीत हाड दुखतं काय? ती म्हणाली, दुखतं, सकाळी जास्त. त्याचं मनगटही सकाळीच दुखतं, तो म्हणाला, आणि तिळाचं तेल कोमट करून लावायला सांगितलं. त्याच्या मागे बाजारात लिलाव सुरू झाला होता, भाव ओरडल्याचे आवाज येत होते. “चला, पेट्या आल्या,” म्हणून त्यानं फोन ठेवला.